होजपाईपची झीज आणि ‘मग बघू’

हायड्रॉलिक होजपाईप म्हणजे दोन्ही टोकांना लोखंडी नट असलेला काळा रबरी पाईप. मिनी ट्रॅक्टरवर तो डंपिंग ट्रॉलीच्या जॅकपाशी, पलटी नांगराच्या सिलिंडरपाशी, पॉवर स्टिअरिंगच्या खाली आणि पुढे लोडर बसवलेला असेल तर त्याच्या दोन्ही हातांवर आढळतो. ट्रॅक्टर घेताना टायरला लाथ मारून पाहतात, बॉनेट उघडून इंजिनाकडे जाणकारासारखे बघतात, सीटवर बसून फोटो काढतात. या पाईपकडे कोणी बघत नाही. मालकाची आणि त्याची पहिली ओळख साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी होते आणि त्या वेळी मालकाच्या अंगावर पांढरा शर्ट असतो.

पाईप बाहेरून साधा दिसतो. आत मात्र तीन थर असतात. अगदी आत तेलाला दाद न देणारे कृत्रिम रबर, मध्ये पोलादी तारेची घट्ट विणलेली वेणी आणि वर ऊन, चिखल, ओरखडे सोसणारे आवरण. वेणी एक असेल तर पाईपवर आर-1 किंवा 1एसएन असे छापलेले असते, दोन असतील तर आर-2 किंवा 2एसएन. आतल्या भोकाचे माप कारखान्यात मिलिमीटरमध्ये, कॅटलॉगात इंचाच्या सोळाव्या भागात आणि तालुक्याच्या दुकानात सुतात सांगतात. म्हणजे 3/8 इंची पाईप कॅटलॉगात 6 नंबरचा असतो आणि दुकानात तीन सुती. हा तीन सुती पाईप एका वेणीचा असेल तर सुमारे 180 बार आणि दोन वेण्यांचा असेल तर 330 बार दाबापर्यंत वापरायचा असतो. तो फुटण्याचा दाब मात्र याच्या निदान चौपट ठेवलेला असतो. ही चौपटीची गोष्ट ट्रॅक्टरमालकांना सांगू नये. ऐकल्याबरोबर प्रत्येकाला वाटते, की यातली तीन हिश्शांची झीज आपल्या हक्काची आहे.

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकमध्ये साधारण 150 ते 200 बार दाब असतो. बार हे माप शेतकऱ्याच्या जिभेवर नाही, म्हणून ते पोत्यांत सांगितलेले बरे. 150 बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर, करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, डीएपीच्या तीन गोण्या. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते आणि तरीही तो फुटला की माणूस दचकून रस्ता सोडतो. इथे त्याच्या साठ-सत्तरपट दाबाचे तेल मांडीपासून वीतभर अंतरावरून चाललेले असते आणि त्याच पाईपवर ड्रायव्हर डबा अडकवतो.

हा दाब मुळात सापडला तो सतराव्या शतकात, फ्रान्सच्या पास्कलला. कोंडलेल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, असा त्याचा नियम. पास्कलकडे ट्रॅक्टर नव्हता, त्यामुळे तो नियम सांगून मोकळा झाला. ट्रॅक्टरच्या मागे हायड्रॉलिक लिफ्ट आणि तीन दांड्यांची जोडणी बसवण्याचे श्रेय हॅरी फर्ग्युसनकडे जाते. 1939 साली फोर्डच्या 9एन ट्रॅक्टरवर त्याची ही पद्धत आली. त्याने पंप आणि सिलिंडर दोन्ही ट्रॅक्टरच्या पोटातच बसवले होते. लिफ्टसाठी बाहेर लोंबणारा पाईपच नव्हता. पुढे माणसाला ट्रॉलीही उलटी करावीशी वाटली, नांगरही पलटावासा वाटला, स्टिअरिंगही एका बोटाने फिरवावेसे वाटले. तेलाला पोटातून बाहेर यावे लागले आणि या लेखाचा विषय जन्माला आला.

झिजण्याची कारणे अनेक असली तरी पहिला मान घासण्याचा. पाईप कुठे तरी चिकटून गेलेला असतो: ट्रॉलीच्या चॅनलला, मडगार्डच्या कडेला, लिफ्टच्या दांडीला किंवा सगळ्यात वाईट म्हणजे दुसऱ्या पाईपला. मिनी ट्रॅक्टर आकाराने लहान, त्यामुळे सगळे सामान दाटीवाटीने, एसटीच्या मागच्या सीटसारखे बसवलेले. त्यात पंधरा-सोळा अश्वशक्तीचे काही ट्रॅक्टर एकाच सिलिंडरचे असतात. असे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांनी चालले तर तासाला साठ हजार ठोके देते. प्रत्येक ठोक्याला पाईप केसभर हलतो. साठ हजार वेळा केसभर घासले, की पोलादी चॅनलला काही होत नाही.

द्राक्षबागेत यात आणखी भर पडते. निफाड, दिंडोरी किंवा तासगावच्या बागेत नऊ-दहा फुटांच्या ओळीत ट्रॅक्टर शिरतो तेव्हा दोन्ही बाजूंना लोखंडी अँगल, ताणलेल्या तारा आणि सुकलेल्या काड्या स्वागताला उभ्या असतात. ओळीच्या शेवटी वळताना बाहेर आलेला पाईप अँगलच्या कडेला हळूच भेटून येतो. मालकाला वेलीला लागलेला ओरखडा शंभर फुटांवरून दिसतो. तो ड्रायव्हरला त्याबद्दल संध्याकाळपर्यंत बोलतो. पाईपच्या ओरखड्याबद्दल कोणी कोणाला बोलत नाही.

दुसरे कारण वळण. दोन वेण्यांच्या तीन सुती पाईपला साधारण 13 सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वाकवू नये, म्हणजे त्याचे वळण जेवणाच्या ताटाच्या काठाएवढे हवे. अर्ध्या इंचीला सुमारे 18 सेंटिमीटर. प्रत्यक्षात पाईप चहाच्या बशीएवढ्या वळणात बसवलेला आढळतो आणि नटाच्या मुळाशीच मोडलेल्या मानेसारखा लटकतो. तिसरे कारण पीळ. पाईपवर लांबीभर एक छापील ओळ असते: कंपनी, माप, दाब आणि बनवल्याची तिमाही व साल. बहुतेकांना वाटते की ती जाहिरात आहे. पाईप बसवल्यावर ही ओळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ दिसली पाहिजे. ती वेलीसारखी गुंडाळत गेलेली दिसली तर पाईपला पीळ पडला आहे. पीळ पडलेल्या पाईपमधल्या तारा दाब आला की आपापसात भांडतात आणि त्या भांडणात पाईपचे आयुष्य जाते. कारखान्याने फुकट दिलेले हे निदान वाचणारा माणूस तालुक्यात एखादाच असतो. तो बहुधा चष्मा विसरलेला असतो.

चौथे कारण ताण. दाब आला की पाईपची लांबी बदलते. तो शेकडा दोनने वाढू शकतो किंवा चारने आखडू शकतो. मीटरभर पाईप चार सेंटिमीटर आखडला आणि तो मुळातच सतारीच्या तारेसारखा ताणून बसवला असेल, तर नटाच्या मुळाशी जे होते त्याला दुकानदार ‘मान सुटली’ म्हणतात. उष्णतेचे गणित आणखी सरळ आहे. साधा हायड्रॉलिक पाईप 100 अंश सेल्सिअसपर्यंतचा असतो. त्याच्या वर प्रत्येक 10 अंशांमागे आयुष्य निम्मे होते, असा कारखान्यांचा ठोकताळा. सायलेन्सरच्या अंगावर टेकलेल्या पाईपला हा ठोकताळा माहीत नसतो, पण तो तंतोतंत पाळतो.

यापुढचे कारण पुस्तकांत सापडत नाही. ते म्हणजे दसरा. खंडेनवमीला ट्रॅक्टर धुतात, डिझेलच्या चिंधीने पुसून चमकवतात आणि हाती उरलेला रंग जिथे पुरेल तिथे मारतात. पाईपवर रंगाचा हात फिरला की त्याच्या सगळ्या भेगा बुजतात. पाईप फुटायला आलेला असला तरी नवरदेवासारखा दिसतो. मग झेंडूचे तोरण येते. ते बांधायला तार लागते आणि ती तार बांधायला सगळ्यात सोयीची जागा पाईप हीच असते. त्याच्याच बाजूला दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची. फुले चार दिवसांत गळतात, लिंबू महिन्याभरात वाळते. तार वर्षभर राहते आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत पाईपच्या आवरणात स्वतःसाठी एक सुबक खाच करून घेते. प्रस्तुत लेखकाने एका पाईपवर अशा तीन खाचा मोजल्या असून तिन्ही त्याच्याच हातच्या आहेत.

झीज एका दिवसात होत नाही. पाईप बऱ्याच आधीपासून कळवत असतो आणि त्याच्या प्रत्येक निरोपाला ठरलेले उत्तर मिळते. पहिला निरोप घामाचा. नटाच्या मुळाशी तेल पाझरते, त्यावर धूळ बसते आणि काळपट ओलसर पुट जमते.

“मालक, पाईप घामेजलाय.”

“एप्रिल आहे. सगळेच घामेजलेत. मग बघू.”

दुसरा निरोप भेगांचा. पाईप वाकवला की आवरणावर बारीक चिरा दिसतात, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या. यावर मालक टाचेला लावतात तेच मलम पुरेसे मानतो किंवा तेही मानत नाही. तिसरा निरोप फोडाचा. आतल्या रबरातून तेल निसटून आवरणाखाली साठते आणि पाईपवर लिंबाएवढा फुगवटा येतो.

“मालक, फोड आलाय.”

“फोडू नको म्हणजे झालं. ट्रॉली रिकामी होऊ दे, मग बघू.”

चौथ्या निरोपात आवरण जाऊन आतली तार दिसू लागते. काही दिवसांनी ती गंजते. या टप्प्यावर पाईप त्या दिवशीच काढावा, यावर जगातल्या सगळ्या हायड्रॉलिक पुस्तकांचे एकमत आहे. मालकाचे म्हणणे असे, की तार दिसते म्हणजे पाईप आतून मजबूत आहे हे सिद्धच झाले.

पाचवा निरोप नसतो. पाचव्या वेळी पाईप फुटतो. तो कधी फुटेल हे कोणत्याही पंचांगात नसले तरी नेमके सांगता येते: शेणखताने भरलेली ट्रॉली अर्धी वर गेलेली असताना, ऑक्टोबर छाटणी दोन दिवसांवर आलेली असताना आणि मजूर बांधावर बसलेले असताना. रिकाम्या ट्रॅक्टरचा पाईप रविवारी दुपारी अंगणात फुटल्याची नोंद नाही.

पाईप फुटल्यापासून दहा मिनिटांत त्या जागी पाच जाणकार जमतात. त्यांच्यातला एकही ट्रॅक्टरवाला नसतो. एकाचा मेहुणा बुलडोझरवर असतो, एवढी पात्रता पुरते. मग गावठी उपायांना सुरुवात होते. आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळतात. तिच्यावर बाइंडिंगची तार पकडीने पिळतात. तरी तेल येते म्हणून क्लिप लावतात, क्लिपच्या कडेने येते म्हणून एमसील थापतात आणि एमसील सुकेपर्यंत चहा पितात. या वेळेपर्यंत पाईपचा आकार अजगराने बोकड गिळल्यासारखा झालेला असतो.

“आता मार स्टार्टर.”

“आबा, बाजूला व्हा.”

“काही होत नाही. तीस वर्षं पाइपलाइनी जोडल्यात मी.”

आबांनी विहिरीवरच्या पाइपलाइनी जोडलेल्या असतात आणि त्यांतला दाब तीन-चार बार असतो. पट्टी, तार, क्लिप आणि एमसील यांचे मिश्रण 150 बार दाबाखाली पहिल्यांदा लिव्हर ओढताच सुटते. तेलाची पिचकारी नेमकी ज्याने बाजूला होण्याचा सल्ला मानला नाही त्याच्याकडे जाते. हा पास्कलचा नियम नाही, पण अपवाद आढळलेला नाही.

याहून धोक्याचा उपाय दुसऱ्या दिवशी सुचतो. फवारणीच्या ब्लोअरचा पिवळा पाईप घरात पडलेला असतो. त्याचा नट थोड्या प्रयत्नाने बसतोही. “हाही प्रेशरचाच पाईप आहे,” असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. तो पाईप फवारणीच्या प्रेशरचा असतो. त्यात पोलादी वेणी नसते, प्लॅस्टिक आणि धागा असतो. हायड्रॉलिकच्या तेलापुढे त्याचे काय होते हे सांगायला तो उरत नाही. तो ज्या मडगार्डवर आदळतो ते मडगार्ड उरते.

इथे थोडे गंभीर व्हावे लागते. होजपाईपचे मोठे भोक दिसते, माणूस दूर होतो. खरे भय टाचणीच्या टोकाएवढ्या भोकाचे. त्यातून निघणारी तेलाची धार इतकी बारीक असते की उन्हात दिसतही नाही. ती सुईसारखी कातडीतून आत शिरते. सात बार दाबालाही असे होऊ शकते, मग 150 ची गोष्टच नको. बोटावर एक ठिपका दिसतो, रक्त फारसे येत नाही, सुरुवातीला दुखतही नाही. माणूस बोट धोतराला पुसून कामाला लागतो. आत गेलेले तेल मात्र मांस नासवत जाते आणि उशीर झाला तर बोट, कधी हातही कापावा लागतो. म्हणून गळती कधीही हाताने चाचपू नये. द्राक्षाच्या पेटीचा लांबट पुठ्ठा, डोळ्यांवर चष्मा आणि शक्य तेवढे अंतर, एवढे पुरते. धार लागली की पुठ्ठ्यावर ओला डाग उमटतो. कातडीत तेल शिरल्याची शंका आली तर हळद न लावता, सकाळची वाट न बघता, त्याच घडीला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे आणि दाबाखालचे हायड्रॉलिक तेल आत गेले आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे. “काही तरी टोचलं” असे सांगितले तर धनुर्वाताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याचीच शक्यता जास्त.

तीच गोष्ट उचललेल्या ट्रॉलीची. ट्रॉली वर धरून ठेवणारी एकमेव गोष्ट म्हणजे जॅकमधले तेल आणि तेल अडवून धरणारा पाईप. तो फुटला की ट्रॉली खाली येताना कोणाला विचारत नाही. तिच्याखाली ग्रीस भरायला शिरणाऱ्याने आधी भक्कम लोखंडी टेकू लावावा. बाभळीचा ओंडका, दगड किंवा “मी लिव्हर धरलंय ना” हे तीन टेकू लोकप्रिय असले तरी टेकू नव्हेत.

गळणाऱ्या पाईपने ट्रॅक्टर चालवत राहणे हा सर्वांत स्वस्त पर्याय समजला जातो. सेकंदाला एक थेंब गळतो असे धरू. वीस थेंबांचा एक मिलिलिटर, म्हणजे आठ तासांच्या कामात जवळजवळ दीड लिटर तेल वावरात जाते. “एवढंसं तर गळतंय” हे वाक्य आणि तेलाचा पाच लिटरचा डबा यांचा थेट संबंध आहे, पण मालकाच्या वहीत पाईपचा खर्च एका पानावर आणि तेलाचा दुसऱ्या पानावर असतो. शिवाय बऱ्याच ट्रॅक्टरांत लिफ्टचे, गिअरबॉक्सचे आणि मागच्या धुऱ्याचे तेल एकच असते. पाईप गळतो तेव्हा गिअरबॉक्स कोरडी पडत असते. ती घामेजत नाही, फोड आणत नाही, एकदम बोलते आणि तिचे बोलणे महाग असते.

आता दुरुस्ती. हायड्रॉलिक पाईपची दुरुस्ती म्हणजे पाईप बदलणे. मध्ये कापून जोड घालता येतो, पण जोड म्हणजे दाबून बसवलेली आणखी दोन टोके आणि गळतीच्या आणखी दोन जागा. पाईप लांब असेल आणि टोकापाशीच खराब असेल तर तेवढा भाग कापून नवे टोक प्रेस करता येते. अट एवढीच, की उरलेला पाईप ताणला जाता कामा नये. बाकी सर्व प्रसंगी नवा पाईप.

काढण्याआधी अवजार जमिनीवर टेकवतात, इंजिन बंद करतात आणि हायड्रॉलिकचे लिव्हर दोन-चार वेळा पुढे-मागे करून आत कोंडलेला दाब सोडतात. मग दोन पाने लागतात: एक नट फिरवायला, दुसरा समोरचे निपल धरायला. एकाच पान्याने काम करणारे लोक नटाबरोबर निपलही फिरवतात, निपलाबरोबर त्याच्यामागची पत्र्याची नळी पिळतात आणि एका पाईपच्या कामात दोन कामे करून येतात. उघड्या तोंडांना लगेच बूच लावायचे असते. कारखान्याचे प्लॅस्टिकचे बूच पहिल्याच महिन्यात हरवलेले असते, त्याच्या जागी मक्याचे बुरकुंड खोचलेले दिसते. बुरकुंड नेमके बसते हे खरे. त्याचा भुसा पुढे व्हॉल्व्हमध्ये नेमका बसतो हेही खरे.

यानंतर तालुक्याला जाणे. इथे एक साधी गोष्ट करायची असते: जुना पाईप बरोबर नेणे. ती सोडून सर्व काही केले जाते. पाईप तेलकट असतो, मोटारसायकल धुतलेली असते, म्हणून दोन्ही हात पसरून माप घेतले जाते आणि ते माप हातांसकट मागच्या सीटवर बसवून चौदा किलोमीटर नेले जाते. वाटेत सात गतिरोधक असतात. प्रत्येक गतिरोधकावर पाईप बोटभर आखूड होतो.

“लांबी किती?”

“एवढी.”

“आटे कुठले? बीएसपी की मेट्रिक?”

“आमचे आटे उजवे आहेत.”

“टोक सरळ की नव्वदचं?”

“सरळच असावं. वाकलेलं आहे, पण ते वापरून वाकलं असेल.”

दुकानदार खुर्चीवरून न उठता सांगतो, “जुना पाईप घेऊन या.” हे वाक्य तो दिवसातून किती वेळा म्हणतो हे त्याच्या थकलेल्या आवाजावरून कळते. दुसऱ्या फेरीत पाईप येतो, पण एकच टोक लावलेला. दुसरे टोक मुलांनी खेळायला नेलेले असते किंवा भंगारवाल्याकडे गेलेले असते.

पाईप तयार होताना बघणे हा मात्र खरा आनंद आहे. चकतीच्या कटरने पाईप कापतात, टोकात निपल ठोकतात, वर पोलादी टोपी चढवतात आणि ते सगळे एका यंत्राच्या तोंडात देतात. यंत्राचे आठ जबडे चारही बाजूंनी सारखे आत येतात आणि टोपी अशी आवळतात की पुढे पाईप फुटेल पण टोपी सुटणार नाही. दाबलेल्या टोपीचा व्यास कॅलिपरने मोजणारा दुकानदार मिळाला तर त्याला सोडू नये, मग तो कितीही खेकसो. कापताना रबराची आणि तारेची भुकटी पाईपच्या आत उरते. ती कॉम्प्रेसरच्या हवेने, शक्य तर स्पंजचा बोळा मारून साफ करायची असते. काही ठिकाणी कारागीर पाईप तोंडाला लावून चुलीच्या फुंकणीसारखा फुंकतात. त्यातून भुकटी निघत नाही. कारागिराच्या मिशीला काळा रंग मात्र लागतो.

बसवताना आधी एक टोक हाताने लावायचे, मग दुसरे, मग छापील ओळ सरळ आहे की नाही ते पाहायचे आणि मगच दोन पान्यांनी आवळायचे. नटाला लागून लगेच वळण द्यायचे नाही, दोन-तीन बोटे पाईप सरळ जाऊ द्यायचा. कोनाच्या बैठकीच्या नटावर नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळू नये. तिथे गळती आट्यांनी थांबत नाही, कोनावर कोन बसून थांबते. टेपचे तुकडे आत जातात ते वेगळेच. जिथे ओ-रिंग किंवा रबरी वायसर असेल तिथे ते नवे टाकावे. जुने ‘अजून चांगले आहे’ असे वाटते, पण ते चांगले असते तर माणूस तिथे पाना घेऊन बसला नसता. मग तेल भरून इंजिन हळू चालवायचे, ट्रॉली चार-सहा वेळा खाली-वर करायची, हवा निघून गेली की तेलाची पातळी पुन्हा पाहायची आणि लांबून, पुठ्ठा धरून, गळती बघायची. जवळून बघायचे काम आबांवर सोपवू नये.

राहिली काळजी. पाईप घासतो तिथे त्याला आवरण घालतात. बाजारात नायलॉनची बाही किंवा प्लॅस्टिकचा गोल गुंडाळीचा गार्ड मिळतो. बागायतदाराकडे मात्र त्याहून हुकमी वस्तू असते: ठिबकची जुनी लॅटरल. ती लांबीने चिरायची, पाव इंची पाईपवर चढवायची आणि केबल टायने बांधायची. गावठी उपायांत खरोखर डोकेबाज असा हा एकच असून तो पुस्तकी लोकांनीही मान्य करावा. टाय मात्र पाईप आवळण्यासाठी नसून जागेवर ठेवण्यासाठी असतो. हलणारा पाईप न हलणाऱ्या पाईपला बांधला की दोघेही एकमेकांना झिजवतात. संयुक्त कुटुंबात वाढलेल्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

पाईप अडकवायला क्लॅम्प हवा, पण लिफ्ट पूर्ण वर, पूर्ण खाली आणि ट्रॅक्टर पूर्ण वळलेला अशा तिन्ही अवस्थांत तो कुठे ताणला किंवा चिमटला जात नाही हे एकदा इंजिन बंद ठेवून पाहिलेले बरे. सायलेन्सरपासून लांब, उभ्या ट्रॅक्टरवर गोणपाट, धुतल्यावर पुसायला डिझेल नव्हे तर साबणाचे पाणी. बाकी महिन्यातून एकदा कोरड्या चिंधीने पाईप पुसायचा आणि डोळे उघडे ठेवायचे, एवढेच काम. ते पाच मिनिटांचे असल्यामुळे कोणालाच वेळ मिळत नाही.

ट्रॉलीच्या पाईपची एक तयार जोडी घरात असावी. ती दोन्ही टोकांना बूच लावून, उन्हापासून लांब, मोठ्या वेटोळ्यात टांगावी. खिळ्यावर टांगू नये, तिथे घडी पडते. तिच्यावर कपडे वाळत घालू नयेत हे घरात सगळ्यांना सांगून ठेवावे. आणि फुटलेला पाईप घेऊन तालुक्याला जायचे झाले तर दोन्ही टोकांसह न्यावा आणि सकाळीच निघावे. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकान दोनला बंद होते.